रंजनाताई मंगळवारी आली होती

हे मी नजमाला, माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं माहीत आहे. माझी साखर किती, मी कुठल्या गिऱ्हाइकाला टाळतो, झोपेत कोणाशी भांडतो. हे तेवढं माहीत नाही. अब्बा होते तेव्हा त्यांना सांगावं असं दोनदा मनात आलं होतं. दोन्ही वेळा मी चहा मागवला आणि दुसरंच काही बोललो.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून सोपं जातंय का? असेल. घरात आम्ही उर्दू बोलतो, दुकानात वऱ्हाडी, आणि हे लिहितोय ते शाळेत शिकलेल्या मराठीत. या मराठीत मी आजवर कोणाशी खोटं बोललो नाही. बोललो ते वऱ्हाडीत. दोनच वाक्यं होती. नंतर अजून एक झालं — त्यावर येतोच. जरा दमानं येऊ द्या.

घाटंजीला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच जागेत आधी अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पाणबुड्या मोटारी जळल्या की लोक बैलगाडीत, नाहीतर मोटारसायकलवर मागे बांधून आणायचे. अब्बा झाकण खोलायच्या आधी नाक जवळ न्यायचे आणि सांगायचे, गेली. जळक्या वायरीचा तो वास आमच्या घरातल्या कपड्यांना असायचा, उशांना असायचा. तो ओळखायला मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो. मला कळलं नाही, असं पुढे कुठे मी म्हणायला लागलो तर विश्वास ठेवू नका.

आमच्या दुकानापासून पाच मिनिटांवर बाळूभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो, व्हिडिओ, मिक्सिंग. बाळूभाऊ कॅमेरा धरणार, लोकांशी बोलणार. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसायची ती रंजनाताई. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी. नवरा ट्रक चालवायचा, हैदराबाद रोडवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. पासपोर्ट फोटो कापायला म्हणून ती स्टुडिओत लागली होती आणि बघून बघून मिक्सिंग शिकली. कुठला क्लास नाही, काही नाही. पण काय हात होता! नवरी गाडीत बसताना मागे वळून बघते ना — बाकीचे तिथे गुलाबाच्या पाकळ्या उडवायचे, गाणं मोठं करायचे. रंजनाताई तिथे गाणं बंदच करायची. फक्त बघणं. आसपासच्या गावांतले लोक बाळूभाऊंना येऊन सांगायचे, शूटिंग कोणीही करा, पण मिक्सिंग त्या बाईंच्याच हातचं पाहिजे.

सात वर्षं झाली. लग्नांचे दिवस होते. स्टुडिओचं मशीन फार हळू चालायचं. एक लग्न तयार व्हायला रात्र जायची. तेव्हा ताईनंच बाळूभाऊंच्या मागे लागून ग्राफिक्स कार्ड घ्यायला लावलं. नागपूरहून कार्ड आलं. बसवायला अर्थातच मी.

सकाळी अकराच्या सुमारास मी तिथे पोचलो. पासपोर्ट फोटोसाठी दोन-तीन माणसं बसली होती. बघणारी माणसं असली की माझे हात जरा जास्तच सफाईनं चालतात, तो माझा जुना रोग आहे. मी केबिनेट आतल्या खोलीतून बाहेर आणलं, बाजूचं झाकण काढलं, धूळ फुंकली, अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडाला हात लावला — आणि तसं का करायचं असतं तेही त्या माणसांना समजावून सांगितलं. मागची पत्र्याची पट्टी काढली. कार्ड स्लॉटवर सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. खटका बसला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

कार्डाला वेगळी वीज लागते. सहा पिनांची वायर. स्टुडिओच्या मशीनमधल्या एसएमपीएसला — म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला — तशी वायरच नव्हती. डबा साधा होता, चारशे पन्नास वॅटचा, तोही लिहिण्यापुरता.

रंजनाताई मागे उभी राहून कार्डाचा खोका वाचत होती. ती म्हणाली, यावर तर कमीत कमी पाचशे पन्नास लिहिलंय. हळूच म्हणाली, मला कमी दाखवायचं म्हणून नाही. वाचलं म्हणून सांगितलं. ते बसलेले लोक माझ्याकडे बघायला लागले. मी हसलो. म्हणालो, कंपनीवाले लिहितातच तसं, ताई.

मला माहीत होतं की ती बरोबर आहे. मोठा डबा यवतमाळहून मागवायला दोन दिवस लागले असते, आणि मी सगळ्यांदेखत बोलून बसलो होतो — आजच चालू करून देतो. माझ्या पिशवीत एक जोड होता. दोन जुन्या वायरींची वीज एकत्र करून सहा पिनांत देणारा, हलका, कुठल्याही दुकानात मिळणारा. हार्ड डिस्कला जाणाऱ्या वायरीवरच मी तो लावला आणि झाकण बंद केलं. जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला, मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड निवडून दिलं. ताईनं एक छोटी क्लिप लावून बघितली. चार मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटात झालं. ती एवढी खूष झाली — दोन्ही हात तोंडावर ठेवून हसली. बाळूभाऊंनी चहा-समोसे मागवले. मी खाल्ले.

आता मंगळवार.

चार-पाच दिवसांनी, दुपारी, ती माझ्या दुकानात आली. हातात भाजीची पिशवी होती. आत आली नाही, पायरीवरच उभी राहिली, कारण माझ्यासमोर एका कॉलेजचे क्लार्क बसले होते आणि मी त्यांना त्यांच्या लॅबचं काम मलाच द्यावं म्हणून पटवत होतो. ती म्हणाली, "अस्लमभाऊ, मशीनीतून वास येऊन राह्यला. आतली वायर बी गरम लागते. एकदा पाहून जाता का?"

मी खुर्चीतून उठलो नाही. नवीन कार्ड आहे, आठ दिवस वास येतोच, असं सांगितलं. तिनं भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग विचारलं, चालवू ना मग? मी म्हणालो, चालवा बिनधास्त.

बिनधास्त. मीच म्हणालो.

क्लार्क गेल्यावरही मी गेलो नाही. संध्याकाळपर्यंत दुकान रिकामंच होतं. पाच मिनिटांचा रस्ता. का नाही गेलो? आळस म्हटलं तर बरं वाटेल, पण आळस नव्हता. गेलो असतो तर डबा बदलावा लागला असता, आणि डबा बदलला असता म्हणजे खोका वाचणारी ती बाई बरोबर ठरली असती. एवढंच. दुसरं काही त्यात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फोन आला. मी गेलो तेव्हा आतल्या खोलीत निळसर धूर होता, पंखा फुल चालू होता, बाळूभाऊ दारात उभे. वायरीचा जोड वितळून केबिनेटला चिकटला होता. एसएमपीएस जाताना मदरबोर्ड घेऊन गेला होता आणि त्याच वायरीवरच्या दोन्ही हार्ड डिस्क. एका डिस्कवर चालू काम, दुसऱ्यावर त्याचीच कॉपी. अकरा लग्नं होती त्यात. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नांसाठी पुसून झाली होती. नंतर नागपूरला पाठवून बघितलं, तिथूनही काही निघालं नाही.

रंजनाताई खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. धूर दिसल्याबरोबर तिनं बटण बंद केलं होतं आणि झाकण काढून वायर हातानंच ओढायला गेली होती. उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. ती बोटं तिनं पाण्यानं भरलेल्या स्टीलच्या ग्लासात बुडवून धरली होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती — आता मी आलोय, आता सगळं नीट सांगितलं जाईल, अशा नजरेनं. ती नजर मला नीट आठवते.

बाळूभाऊंनी विचारलं, काय झालं असं?

मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "भाऊ, मी मंगळवारी याइच्या दुकानात जाऊन सांगतलं होतं, वास येऊन राह्यला म्हणून."

बाळूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा वेळ होता. किती — दोन श्वासांचा? तेवढ्यात माणूस काय काय विचार करू शकतो! कॉलेजची लॅब. गावात होणारं बोलणं. अब्बांच्या नावाची पाटी, जी मी दुकानावरून काढली नव्हती. हे सगळं त्या दोन श्वासांत मोजून झालं माझं. आणि मी म्हणालो,

"माह्याकडे तं कोणी आलं नाही."

हे पहिलं वाक्य. एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित बाळूभाऊ दोघांवरही अर्धा-अर्धा विश्वास ठेवून गप्प बसले असते. पण ताईनं ग्लासातून बोटं बाहेर काढली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मी घाबरलो. घाईघाईनं दुसरं वाक्य टाकलं.

"अन् वास येत होता तं मशीन चालवली काहून, ताई?"

बघितलंत का मी काय केलं? तिचीच गोष्ट उचलून तिच्याच अंगावर टाकली. तिनं मला सावध केलं होतं, तेच तिचा गुन्हा झालं. ती म्हणू शकली असती की तुम्हीच चालवा म्हणालात. पण ती आलीच नाही असं मी म्हटल्यावर ते तरी कोणत्या तोंडानं म्हणणार? तिनं तोंड मिटलं. बोटं परत पाण्यात घातली.

बाळूभाऊ ओरडणारा माणूस नाही. ते तिला म्हणाले, तू घरी जा, रंजना, हाताला काहीतरी लाव. ती चपला घालून गेली. ती परत त्या खोलीत आली नाही. त्यांनी बोलावलंच नाही. आठ वर्षं ती तिथे बसली होती.

पुढे काय झालं ते गावात राहणाऱ्याला सांगायची गरज नसते, पण तुम्हाला सांगतो. ज्यांची लग्नं होती ते लोक आले. कोणी भांडलं, कोणी नुसतंच बसून राहिलं. एक म्हातारे गृहस्थ पारवा गावाकडून आले होते. त्यांची बायको मुलीच्या लग्नानंतर पंधरा दिवसांत गेली होती. त्यांना फक्त तेवढं हवं होतं जिथे ती दिसते. बाळूभाऊ प्रत्येकाला तेच सांगायचे, आमच्या बाईनं वास येत असताना मशीन चालवलं. माझंच वाक्य. ते त्यांच्या तोंडून मी समोर बसून ऐकायचो — कारण नवीन मशीन जोडायला मीच तिथे होतो. या वेळी डबा साडेसहाशे वॅटचा लावला. कोणी काही विचारलं नाही.

गावात अजून दोन स्टुडिओ होते. रंजनाताई दोन्हीकडे जाऊन आली. अकरा लग्नं बुडवणारी बाई कोण ठेवणार? त्या हंगामात ती बायकांबरोबर कापूस वेचायला गेली. नंतर एका शाळेत खिचडी शिजवायच्या कामाला लागली. नवरा कमावत होता, घर उपाशी नव्हतं, हे मी स्वतःला खूपदा सांगितलं. पण तिनं पोटासाठी कुठे विचारलं होतं? नवरी मागे वळते तिथे गाणं बंद करायचं असतं, हे ज्या बाईला आपोआप कळतं तिचं ते काम होतं. ते मी घेतलं.

कॉलेजच्या लॅबचं काम मला मिळालं. दुकान वाढलं.

हे सगळं सांगितलं ते, खरं म्हणजे, पुढचं सांगायला वेळ लागावा म्हणून. तिसरं वाक्य राहिलंय.

दोन वर्षांनी ती परत माझ्या दुकानात आली. ऑटोमधून एक जुनं डेस्कटॉप घेऊन. पांढरकवड्याला कुठलं तरी ऑफिस मोडत होतं, तिथून नवऱ्यानं आणून दिलं होतं. सोबत एक ग्राफिक्स कार्ड, तेही जुनंच, आणि नवा कोरा एसएमपीएस — साडेसहाशे वॅटचा. तिनं तो आधी टेबलावर ठेवला, मग बाकीचं. घरूनच मिक्सिंग करून बघते म्हणाली. गावात हे काम नीट करणारा मीच आहे, असंही म्हणाली. टोमणा नव्हता. मी खूप शोधला तिच्या आवाजात, नव्हता.

मी काम करायला घेतलं. ती समोरच्या स्टुलावर बसली. जुना डबा काढला, नवा बसवला, वायरी एकेक करून वेगळ्या नेल्या. कार्ड दाबलं. सहा पिनांची वायर सरळ डब्यातून आणली. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. वाटलं, हेच माझं सांगणं समजून घे. हातांनी सांगतोय, तेवढं बघ.

ती हात बघत नव्हती. बाहेर रस्त्याकडे बघत होती. आणि मग म्हणाली,

"अस्लमभाऊ, एक इचारू? राग नका मानू. मी त्या मंगळवारी तुमच्या दुकानात आलती ना?"

मी मान वर केली नाही.

"सगळे इतक्या डाव म्हणत की नाही गेली, नाही गेली. आता मलेच आठवत नाही, मी खरंच आलती का नुसतं यावं म्हणून मनात आलतं. पायरी आठवते. भाजीची पिशवी आठवते. पण पिशवी तं मी रोजच नेतो. तुम्ही सांगा. तुम्ही सांगसान ते मी मानीन."

कळतंय ना तुम्हाला, ती काय मागत होती? नोकरी नाही, माफी नाही, बाळूभाऊंकडे जाऊन चार शब्द बोला असंही नाही. तिचीच आठवण ती माझ्याकडून परत मागत होती. दुकानात तिसरं माणूस नव्हतं. मी हो म्हणालो असतो तर फक्त तिनं ऐकलं असतं. माझं काहीही गेलं नसतं. काहीही नाही.

मी स्क्रू आवळत म्हणालो, "मले काही आठवत नाही, ताई."

तिनं रस्त्यावरची नजर काढून मशीनकडे वळवली. मग म्हणाली, "मंग मीच चुकली असन." आणि हलकेच हसली, जसं माणूस चष्मा कपाळावर असताना घरभर शोधून झाल्यावर हसतं. मी मशीन चालू करून दाखवलं. तिनं बघितलं, मान हलवली, ऑटो बोलावला.

त्या मशीनवर तिनं दोन-तीन वाढदिवस केले म्हणे. लग्न कोणी दिलं नाही. एका पावसाळ्यानंतर मशीन विकलं, असं कोणीतरी सांगितलं.

मी नमाज पढतो. गुनाहांची माफी मागतो, सगळेच मागतात. एकदा जुम्याच्या बयानात मौलाना सांगत होते, अल्लाहचा हक्क बुडवलात तर अल्लाह माफ करेल. पण माणसाचा हक्क बुडवलात तर त्या माणसाकडेच जावं लागेल, मधे दुसरा रस्ता नाही. मस्जिदीत दोनशे माणसं होती. मला वाटलं ते फक्त माझ्याकडे बघून बोलतायत. बाहेर पडलो, चपला शोधल्या, दुकान उघडलं.

लोक म्हणतात, खोटं बोलणाऱ्याला ते खोटं टोचत राहतं. रोज नाही टोचत. महिनेच्या महिने मला काही आठवत नाही. मी जेवतो, हसतो, ईदला नवे कपडे घालतो. मला एवढं सहज विसरता येतं आणि तिला मात्र स्वतःच्या डोक्यावर विश्वास उरला नाही, याचा अर्थ मी काय लावायचा? लावत नाही.

तेव्हा नीट लिहून ठेवतो, एकदाच. रंजनाताई मंगळवारी दुपारी माझ्या दुकानात आली होती. पायरीवर उभी राहून तिनं वासाचं सांगितलं, वायर गरम होते हेही सांगितलं. चालवू ना, असं विचारलं. मी चालवा म्हणालो. जोड मी लावला होता, चुकीचा आहे हे माहीत असून. दोन वर्षांनी तिनं विचारलं तेव्हाही मला सगळं आठवत होतं. क्लार्कच्या शर्टाचा रंगसुद्धा.

हे तिला सांगायचं होतं, आणि तुम्हाला सांगत बसलोय.

ती अजून त्याच शाळेत आहे. सकाळी साडेआठला माझ्या दुकानावरून जाते. दिसलो तर विचारते, "काय अस्लमभाऊ, बरं हाय ना?" मी म्हणतो, बरं आहे. आजही म्हणालो.